दाताखालची कचकच

रावसाहेब अण्णा धूळ चाखून बघायचे. मी काही अलंकारिक बोलत नाही, खरोखर चाखायचे. गाडीचं बॉनेट उघडायचे, एअर फिल्टरचा डबा सोडवायचे, फिल्टरच्या पलीकडे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत उजवी करंगळी घालून आतून एक फेरी मारायचे आणि ती करंगळी पुढच्या दातांवर घासायचे. मग डोळे मिटून दातांवर दात हलकेच फिरवायचे. तेवढा वेळ आजूबाजूचे सगळे गप्प. शेवटी बाजूला थुंकायचे, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरायचे आणि निकाल सांगायचे. निकाल दोनच होते. "गुळगुळीत हाय" म्हणजे फिल्टर पास आणि "कचकच हाय" म्हणजे नापास.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तो वाळूजच्या कारखान्यातला माझा पहिला दिवस. कारखाना लहानसा, गाड्यांचे एअर फिल्टर बनवणारा. मालक भालेराव साहेब. मी नवीन वस्तू तयार करण्याच्या विभागाची प्रमुख म्हणून रुजू झाले होते, आणि त्या विभागात प्रमुख धरून दोन माणसं होती. दुसरे अण्णा. चाचणीच्या गाड्या चालवणं आणि फिल्टर तपासणं हे त्यांचं काम. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, आणि तेलाग्रीसच्या कारखान्यात रोज पांढराशुभ्र शर्ट. तो संध्याकाळपर्यंत पांढराच कसा राहायचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी त्यांनी तीन फिल्टर तपासले आणि मधल्याला नापास केलं. मी तोंडानं काही बोलले नाही, पण माझा चेहरा बोलला असावा. माझ्याकडे मिलिग्रॅममध्ये मोजणारा काटा होता. मी तिन्ही नळ्यांतली धूळ पांढऱ्या कागदावर पुसून घेतली आणि वजन केलं. मधल्या नळीतली धूळ बाकीच्या दोन्हींहून कितीतरी जास्त भरली. मी पुन्हा मोजलं. काट्याचं म्हणणं तेच. अण्णा शेजारी उभे राहून बघत होते. "मशीन चांगली हाय तुमची," म्हणाले, "खरं बोलती."

अण्णा पाचोडचे. घरची शेती, भाऊ बघायचा. ही दातांची परीक्षा त्यांनी आईकडून उचलली होती. मळणीत ज्वारीबरोबर माती यायची, आणि घरात दळण आलं की आई भाकरी थापायच्या आधी चिमूटभर पीठ दातांवर घासून बघायची. कचकच लागली तर सगळं पीठ जनावरांना. "भाकरीत खडा आला तर माणूस ताटावरून उठतो, ताई," अण्णा म्हणायचे. "इंजन कुठं उठून जाणार? त्येला गिळावंच लागतंय." मी पाच वर्षं शिकले त्या कॉलेजात कुणीही एअर फिल्टरचं काम इतक्या थोडक्यात सांगितलेलं नव्हतं.

त्यांचा दुसरा गुण, किंवा खोड म्हणा, मला उशिरा कळली. अण्णा विचारल्याशिवाय बोलत नसत. कारखान्यात येण्याआधी वीस वर्षं ते एका सरकारी अधिकाऱ्याची जीप चालवत होते. ड्रायव्हरनं मागच्या सीटवरचं ऐकायचं नाही आणि विचारल्याविना तोंड उघडायचं नाही, असा त्या नोकरीचा दंडक. नोकरी सुटली, दंडक राहिला. एकदा पावसाळ्यात साहेबांनी "पैठणला चल" म्हटलं. वाटेतल्या ओढ्याचा पूल खचलाय हे अण्णांना आदल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्यांनी जीप थेट खचलेल्या पुलापर्यंत नेली, उभी केली आणि आरशात बघत बसले. साहेब भडकले. ही गोष्ट सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर निरागस आश्चर्य असायचं. "त्येंनी रस्ता कुठं इचारला? पैठणला चल म्हणले, म्या निघालो."

मी पोट धरून हसले होते. तेव्हा हसायलाच येत होतं.

मात्र विचारलं की अण्णा खरं तेच सांगायचे, समोर कुणीही असो. "इचारलं तर सांगतो," हे त्यांचं पालुपद. आणि उत्तर नेमकं तेवढंच, प्रश्नाच्या मापाचं. ब्रेक कसे आहेत विचारलं तर ब्रेकचं सांगायचे, क्लच घसरत असला तरी त्याचं नाव नाही. मग मी शिकले. प्रश्न संपला की "आणि?" म्हणायचं. पुन्हा "आणि?" असं तीन-चारदा केलं की गाडीची सगळी कुंडली बाहेर पडायची. माझा समज असा झाला की अण्णांना कसं विचारायचं ते मला चांगलं जमलंय.

आता माझ्या प्रतापाकडे येते. त्या दिवसांत शहरातल्या पोरांना एकच वेड लागलं होतं. गाडी घ्यायची आणि कंपनीचा फिल्टर, त्याचा काळा डबा, सगळं काढून फेकायचं आणि त्या जागी चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायचा. हवा मोकळी मिळते, इंजिनाची ताकद वाढते, असा बोलबाला. परदेशातून येणारा तसला माल दुकानांत हातोहात जात होता. मी भालेराव साहेबांना म्हटलं, आपण आपला बनवू. दीड वर्ष खपून मी तो बनवला. नळीचं वळण माझं, फिल्टरच्या कापडाच्या घड्या माझ्या, नावही मीच ठेवलेलं. स्वतः केलेल्या पहिल्या वस्तूवर माणूस किती आंधळं प्रेम करतो, ते तिथं मी शिकले.

तो बसवला की गाडी गुरगुरायची. अॅक्सिलरेटरवर नुसता पाय ठेवला तरी अंगावर काटा यायचा. अण्णांनी पहिल्यांदा चालवली तेव्हा मी उत्साहानं विचारलं, "आवाज कसा वाटला?"

"लई आहे."

"आणि?"

"आवाज वाढला म्हंजी ताकद वाढली असं नसतं, ताई. आमच्या भावकीत एकजण हाय. त्येचा आवाज आख्ख्या गावात. पाण्याची पाळी आली की झोपलेला आसतो."

मी ते हसण्यावारी नेलं, धूळही चाखायला सांगितली नाही, कारण माझ्याकडे आकडा होता. ताकद मोजायचं मोठं यंत्र आमच्यासारख्या कारखान्याला कुठलं परवडणार? आमचं यंत्र म्हणजे दौलताबादहून खुलताबादला चढणारा घाट. पायथ्याच्या मैलाच्या दगडापासून माथ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत अण्णा गाडी चढवायचे. त्याच वळणावर तोच गिअर, पाय तेवढाच दाबलेला, एसी बंद, आणि मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन. अण्णांचा पाय इतका एकसारखा होता की एकाच गाडीच्या दोन चढणींत सेकंदाचाही फरक पडत नसे. आणि माझ्या फिल्टरनं तो घाट तब्बल अकरा सेकंद लवकर चढला होता.

अकरा सेकंद! भालेराव साहेबांनी मिठाई वाटली. खोकी छापून आली, त्यांवर लाल अक्षरांत तो आकडा. येत्या शनिवारी तीन व्यापारी येणार होते, एक इथला, एक जालन्याचा, एक बीडचा. त्यांच्यासमोर घाट चढून दाखवायचा. साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. "हे चाललं तर विभाग वाढवू," म्हणाले. "नाही चाललं तर मला विभाग ठेवता येणार नाही. तुम्ही आणि रावसाहेब, दोघांचंही मला अवघड होईल. हे आधीच सांगतोय, नंतर बोल नको." त्यांनी ते शांतपणे सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

गुरुवारी दुपारी मी शनिवारसाठी चाचणीचे जुने कागद नीट लावत होते. माझे वडील तहसीलमध्ये आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक कागदावर ते तारखेखाली वेळ घालायचे, आणि लहानपणी मी त्यावरून त्यांना चिडवायचे. माझ्या कागदांवर तारखा होत्या. वेळ एकावरही नव्हती. का कोण जाणे, मला एकदम अस्वस्थ वाटलं. अण्णा समोर स्टुलावर बसून नटबोल्ट पुसत होते.

"अण्णा," मी म्हटलं, "ताकद खरंच वाढलीय ना?"

त्यांचा हात थांबला. खाली बघत म्हणाले, "कोणत्या येळची?"

"म्हणजे?"

"साधा फिल्टर आपण दुपारी दोनला चढवला. डांबर पातळ झालं हुतं त्या दिवशी. तुमचावाला फिल्टर सकाळी सहाला. सकाळची हवा गार आसती, जड आसती. कोणती बी गाडी सकाळची चांगलीच पळती."

गार हवा दाट असते, तिच्यात इंजिनाला जास्त प्राणवायू मिळतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि घाट सकाळी मोकळा असतो एवढंच बघून मी माझ्या फिल्टरची चाचणी सकाळी ठेवली होती.

"आणि?" मी विचारलं.

"आणि तुमचा फिल्टर बॉनेटच्या आत उघडा बसतोय. इंजनाचीच गरम हवा वढतोय. कंपनीचा डबा फुडच्या जाळीतून बाहेरची हवा घेतो. त्यो डबा काय उगं दिलेला नाय, ताई."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? खोकी छापून झाली, अण्णा!"

ते खरोखर गोंधळले. "तुम्ही इंजिनेर हाव. मला वाटलं, तुम्ही मनात हिशेब धरला आसंल. शिकलेल्या माणसाला म्या कामून शिकवावं? आन् तुम्ही इचारलं बी नाय."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. राग खरा माझ्यावरच होता, पण तो त्यांच्यावर काढणं सोपं होतं.

शुक्रवार वाईट गेला. शनिवारचं वेळापत्रक माझ्याच हातात होतं. माझा फिल्टर सकाळी लवकर चढवायचा, मग व्यापाऱ्यांना खुलताबादला नाश्ता, दर्ग्याचं दर्शन, वेळ काढायचा, आणि ऊन तापलं की साधा फिल्टर चढवायचा. अकरा सेकंद कुठं जात नव्हते. एप्रिल महिना होता. कुणी खोटं बोलणार नव्हतं. स्टॉपवॉच खरं, गाडी खरी, अण्णांचा पाय खरा. आणि आम्हा दोघांची नोकरी राहिली असती. मी तसं वेळापत्रक लिहिलंसुद्धा. ते अण्णांसमोर ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं. "येळ तुम्ही ठरवायची, ताई. म्या चालवतो."

एक शब्द जास्त बोलले असते तर मी त्यांच्याशी भांडले असते आणि तेच वेळापत्रक ठेवलं असतं. ते काहीच बोलले नाहीत, म्हणून अर्ध्या तासानं मी जाऊन त्यांच्या खिशातून तो कागद परत घेतला आणि नवा लिहिला. सकाळी आठपासून, लागोपाठ. साधा, माझा, साधा, माझा. मध्ये फक्त फिल्टर बदलायला लागेल तेवढा वेळ. अण्णांनी नवा कागद वाचला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवली. मनात मी अजून आशा धरून होते. अकरा नाही तर चार तरी उरतील, चार नाही तर तीन.

शनिवारी पायथ्याशी दोन गाड्या उभ्या होत्या. एक चाचणीची, एक व्यापाऱ्यांची. भालेराव साहेब सगळ्यांशी हसून बोलत होते आणि सारखा रुमालानं गळा पुसत होते. जालन्याचे व्यापारी म्हातारे होते, फारसं बोलत नव्हते. अण्णांचा शर्ट नेहमीसारखा पांढरा.

पहिली चढण, साधा फिल्टर. चार मिनिटं बारा सेकंद. खाली येऊन बदलला. दुसरी चढण, माझा फिल्टर. गुरगुराट घाटात घुमला, बीडच्या व्यापाऱ्यानं माथ्यावर टाळ्या वाजवल्या. घड्याळात चार मिनिटं अकरा सेकंद. एक सेकंद. मी पुन्हा पुन्हा स्टॉपवॉचकडे बघत होते, जणू बघून आकडा बदलणार होता. तिसरी चढण, साधा. चार बारा. साहेबांचं हसणं बंद झालं होतं.

आता सगळं चौथ्या चढणीवर होतं. मी शेजारी बसले. "अण्णा, नीट चढवा," म्हटलं. असं मी त्यांना कधीच म्हणत नसे. त्यांनी फक्त शर्टाचं वरचं बटण सोडलं. एसी बंद होता, ऊन वाढलं होतं, त्यांच्या कपाळावर घाम होता. माझ्याही होता. गाडी सुटली आणि मी नजर घड्याळावर खिळवली. निम्म्या चढावर, मोठ्या वळणाला ते नेहमी खालचा गिअर टाकायचे, तिथं गिअर पडलाच नाही. गाडी घुसमटत, जड होत वळणातून वर आली. मी ओरडले, "अण्णा, गिअर!" त्यांनी टाकला, पण उशीर झाला होता. टपरीपाशी घड्याळ थांबवलं तेव्हा चार मिनिटं पंचवीस सेकंद झाले होते.

गाडीतून उतरल्यावर मी त्यांना गाडीच्या मागे गाठलं.

"मुद्दाम केलंत ना? तुम्हाला पहिल्यापासून हा नको होता."

"नाय, ताई."

"मग काय झालं गाडीला?"

ते गाडीला टेकून उभे होते. "गाडीला काय बी झालं नाय," म्हणाले.

मी "आणि?" म्हणाले नाही. एवढी वर्षं म्हणत आले होते, त्या दिवशी नाही म्हटलं. मला वाटलं, मिळालं उत्तर. गाडीला काही झालं नाही म्हणजे ह्यांनीच केलं.

तेवढ्यात जालन्याचे म्हातारे व्यापारी काठी टेकत आले. "ड्रायव्हरसाहेब," त्यांनी विचारलं, "एक सांगा. तुमच्या घरच्या गाडीला तुम्ही हा बसवाल का?"

भालेराव साहेब जागच्या जागी थिजले. अण्णांनी एकवार माझ्याकडे बघितलं. मग बॉनेट उघडलं, नळी सोडवली, करंगळी आतून फिरवली आणि दातांवर घासली. डोळे मिटले. त्या शांततेत टपरीवरच्या चहाचा खळखळाट ऐकू येत होता. त्यांनी थुंकून चूळ भरली.

"नाय," म्हणाले. "कचकच हाय."

परतीला निघताना अण्णांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "ताई, आज गाडी तुम्ही घेता का?"

मी त्या किल्लीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला वाटलं, वाटेत माझ्याशी बोलावं लागेल याची लाज वाटतेय यांना. "तुम्हीच चालवा," मी म्हटलं, "आता चालवायला काय राहिलंय?" आणि मागच्या सीटवर जाऊन बसले, त्यांच्या जुन्या साहेबासारखी. वाळूजपर्यंत गाडी त्यांनी सावकाश, एका लयीत आणली. एकदाही ब्रेकचा धक्का बसला नाही.

सोमवारी अण्णांची रजेची चिठ्ठी आली, आठ दिवस गावी जातोय म्हणून. मला बरंच वाटलं. त्याच दिवशी भालेराव साहेबांनी बोलावलं. मी राजीनामा लिहूनच नेला होता. त्यांनी तो वाचला नाही. जालन्याच्या व्यापाऱ्यांचा फोन आला होता. तुमचा साधा, डब्यातला फिल्टर पाठवा म्हणाले, ज्याच्या घरचा माणूसच त्याचा माल नापास करतो त्याचा बाकीचा माल डोळे झाकून घ्यावा. साहेब खोक्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "नापास करणारं कुणीतरी लागतं हो. रहा दोघंही." हे अण्णांना सांगायचं म्हणून मी दोनदा फोन हातात घेतला. मग म्हटलं, येतीलच की आठ दिवसांत, समोरासमोर सांगू, माफीही तेव्हाच मागू. माफी फोनवर मागायला मला जड जात होतं, हे खरं कारण.

सहाव्या दिवशी पाचोडहून निरोप आला की अण्णा गेले. हृदयविकाराचा झटका. दवाखान्यात नेताना वाटेतच.

मी गेले तेव्हा काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, ओसरीवर बसल्या होत्या. दोरीवर तीन पांढरे शर्ट वाळत होते. मी कोण हे कळल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"गाडीत घालताना मला म्हणले, मागल्या शनवारी घाटात बी आशीच कळ आली हुती, डावा हात उचलंना, गिअर पडंना. म्या म्हणलं, आवो मंग तवाच ताईंना कामून सांगितलं नाय? लगेच दवाखान्यात नेलं आसतं की त्येंनी." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "तर म्हणले, त्येंनी गाडीचं इचारलं."

काकूंनी आतून भाकरी आणली आणि जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पहिला घास तोंडात घातला आणि मला तो चावता येईना. भाकरीत खडा नव्हता. त्या घरात कधीच नसायचा.

याला आता चार वर्षं होतील. विभाग चालू आहे. ती लाल अक्षरांची खोकी आम्ही उलटी करून साधे फिल्टर भरायला वापरून संपवली. चाचण्या अजूनही त्याच घाटात होतात. माझ्या कागदावर आता तारखेखाली वेळ असते, वेळेखाली हवेचं तापमान असतं, आणि त्या सगळ्याच्या वर मी एक ओळ छापून घेतली आहे. 'चालक कसा आहे?' ती भरल्याशिवाय मी स्टॉपवॉच हातात घेत नाही.

नवे ड्रायव्हर तरुण आहेत, हसरे आहेत. परवा पायथ्याशी मी 'कसे आहात?' विचारलं तसे म्हणाले, "मी मस्त, मॅडम. गाडीचं विचारा ना."

"गाडीचं नंतर," मी म्हटलं. "आणि?"